इंग्रजी कुंडीच्या शोधात कोलशेतला

कल्याणच्या बंदरावर आम्ही पोचलो तेव्हा खाडीला ओहोटी लागली होती. धर्मा तांडेल (होडी हाकणारा) कमरेवर हात ठेवून होडीत उभा होता. आम्हाला पाहताच तो ओरडला, "या, या! पानी काय तुमच्या वेन्या होयस्तोवर थांबनार हाय?"

परक्या पुरुषाला उत्तर देणे मला अजून जमत नाही. शिवाय बोलायला अंगात त्राणही नव्हते. पहाटे उठून यांचा काढा केला होता, दोन्ही वेळचा स्वयंपाक करून झाकून ठेवला होता, दशम्या बांधल्या होत्या. पाठ भरून आली होती आणि दिवस तर नुकता उजाडला होता.

खरे म्हणजे हा प्रवास यांनी करायचा. हे आमच्या मुलींच्या शाळेचे पंतोजी. मी त्यांच्या हाताखाली लहान मुलींना मुळाक्षरे शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंतचे, तेही लग्नानंतर यांनीच घरी करून घेतलेले. आठवडाभर दम्याने यांना उठू दिले नाही, म्हणून मोठ्या मुलींना घेऊन मला निघावे लागले. कोणी विचारले असते तर मी नको म्हटले असते. कोणी विचारले नाही.

काम असे होते. मागच्या तपासणीला डेप्युटीसाहेब (शाळा तपासणारे सरकारी अंमलदार) आले, तेव्हा मुलींनी इतिहासाचे पुस्तक घडाघडा म्हणून दाखवले. साहेब हसले आणि म्हणाले, "हे पोपटालाही येईल. आता असं करा. गावातली एखादी जुनी वस्तू घ्या. ती कोणाची, कुठली, इथं कशी आली, ते माणसांना विचारून शोधून काढा. ऐकलेलं वेगळं लिहा, डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं लिहा. पुढच्या खेपेला गावाच्या देखत मुलींनी ते वाचावं."

मुलींनी आमच्या शाळेच्या अंगणातली कुंडी निवडली. दगडी, आठ पैलूंची, काठापासून खालपर्यंत द्राक्षासारख्या वेलाची नक्षी, बुडाखालची बैठक तुटलेली. काशीकाकू रोज सकाळी ती विहिरीच्या पाण्याने भरतात आणि मुली पळीने त्यातले पाणी पितात. सारे गाव तिला 'इंग्रजी कुंडी' म्हणते. कोणा इंग्रज साहेबाने कधीतरी दिली असेल, असे यांनी मुलींना सांगितले होते. वर्गातली सगळ्यांत मोठी मुलगी गंगू हिने तेव्हाच तोंड उघडले. "पण काकू म्हणतात, त्यांच्या सासूच्या लहानपणीही ती बंदरावर पडलेली होती. आणि तेव्हाही तिला इंग्रजीच म्हणत. तेव्हा तर पेशवाई होती. मग इंग्रज कुठून आले?"

यांना उत्तर सुचले नाही आणि त्याचा यांना आनंदच झाला. मग गंगूनेच बंदरावर चौकशी केली. धर्मा तांडेलाने सांगितले की ती कुंडी त्याच्या आज्याने कोलशेतहून आणली. रिकामी होडी वाऱ्यावर डुलू नये म्हणून तळाशी दगड टाकतात, त्याला निरम म्हणतात. त्या निरमात ती आली आणि इथे भाताची पोती भरताना काठावर टाकून दिली गेली. "तिथं इंग्रजीच्या जागेवर असले लई दगड पडलेत," तो म्हणाला.

म्हणून कोलशेत. गंगूचे लग्न झालेले आहे. तिचे सासरे तांदळाचे व्यापारी, धर्माची होडी त्यांच्याच मालाची ने-आण करते, म्हणून त्यांनी जायला परवानगी दिली. गंगूबरोबर मनू, जी सगळ्याला हो म्हणते, आणि ठकू, जिला सारखी भूक लागते. राखणीला काशीकाकू. या काकू रोज घरोघर फिरून मुली गोळा करून शाळेत आणतात. त्यांच्यावाचून शाळा एक दिवस चालणार नाही. सोवळ्याच्या कडक, आणि तोंडाच्याही.

आमच्या शाळेचा जीव केवढा, हे इथे लिहून ठेवले पाहिजे. मागे एकदा कोणीतरी उठवले की पुस्तकात पाद्र्यांचे धडे आहेत. तसे काही नव्हते. तरी महिनाभर वर्ग ओस पडला होता आणि कितीतरी मुली कायमच्या सुटल्या. होडीत पाय ठेवताना माझ्या मनात तेवढेच होते की मुली जशा नेल्या तशा परत आणून पोचवाव्यात.

होडी निघाली. डाव्या हाताला डोंबिवलीच्या बाजूची कापणी झालेली शेते, उजवीकडे तिवरांची (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडे) गर्द हिरवी भिंत. तिवरांच्या मुळांवर बगळे उभे होते. पुढे मुंब्र्याचा डोंगर आला, उघडाबोडका आणि उन्हाने तापायला लागलेला. धर्मा शीड सोडून सुकाणूशी बसला आणि गप्पा मारू लागला. मुलींनी पाटी काढली. ही युक्ती गंगूचीच. पाटीच्या एका बाजूला ऐकलेले लिहायचे, दुसऱ्या बाजूला पाहिलेले.

"तांडेलदादा, तुमच्या आज्यानं कुंडी उचलली, ते तुम्ही पाहिलं?" गंगूने विचारले.

"मी? मी तवा बापाच्या पन पोटात नव्हतो!"

"मग ते ऐकलेल्या बाजूला," गंगू म्हणाली आणि लिहू लागली.

"बापाच्या पोटात कोणी असतं का?" ठकू म्हणाली. मनूने तोंडावर पदर घेतला. काशीकाकूंनी दोघींना एकेक चापट दिली.

डोंगर मागे पडला तशी दोन्ही काठांना मिठागरे दिसू लागली. चौकोनी वाफे, त्यांत पांढरे ढीग, आणि गुडघाभर पाण्यात वाकलेली माणसे. ऊन वर आले तसे त्या पांढऱ्याकडे बघवेना. माझे डोळे मिटत होते. मी मिटू दिले.

जागी झाले ती धक्क्याने. होडी चिखलात रुतली होती. कोलशेत समोर दिसत होते, पण मध्ये चिखल. धर्माने बांबू रोवून जोर केला, शिव्या दिल्या, मग आम्ही बसलो आहोत हे आठवून जीभ चावली.

"आता भरती येयस्तोवर बसा, नायतर उतरा," तो म्हणाला.

"उतरा? या राडीत?" काशीकाकू म्हणाल्या.

"मंग बसा. सांजच्याला भरती येल."

उतरलो. मिठागराचा बांध जवळच होता, पण तिथपर्यंत पोचेतो पोटऱ्या चिखलात. काशीकाकू एका हाताने लुगडे आणि दुसऱ्या हाताने आपला तांब्या सांभाळत मोठ्याने देवाची नावे घेत होत्या. ठकू पडली ती पाटीवरच पडली. तिला उठवून पाटी पुसली तर ऐकलेली बाजू सगळी गेलेली.

"पाहिलेली राहिली," मनू म्हणाली.

"पाहिलेली कोरीच आहे अजून," गंगू म्हणाली.

बांधावर बसून पाय धुतले, तेही खाऱ्या पाण्याने. दशम्या खाल्ल्या. आणलेले पिण्याचे पाणी तिथेच संपले. तिघी मुली ऐकलेली बाजू पुन्हा लिहायला बसल्या, तेव्हा तिघींनी तीन तऱ्हेने सांगितले. आज्याने कुंडी आणली की आज्याच्या भावाने, यावर भांडण जुंपले. धर्माला विचारावे तर तो होडीशी राहिलेला. शेवटी मी म्हटले, "तिघींचंही लिहा, आणि कोण काय म्हणालं तेही लिहा." मला दुसरे काही सुचले नाही म्हणून मी तसे म्हटले. गंगूने मात्र माझ्याकडे अशी मान हलवून पाहिले, जसे काही मी मोठे शहाणपणाचे बोलले.

कोलशेत लहानसे गाव. भाताची खाचरे, ताडाची झाडे, खाडीच्या अंगाला मासळी वाळत घातलेली. वास असा की काशीकाकूंनी पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. पहिल्या घराच्या अंगणात एक बाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. आमच्यापेक्षा आखूड, लाल चौकड्याचे लुगडे, गळ्यात सोन्याचा लहान क्रूस. इथली ख्रिस्ती कुटुंबे फिरंग्यांच्या (पोर्तुगिजांच्या) अमलापासूनची. शेती आणि मासेमारी हाच त्यांचा धंदा. नाव विचारले तर रोजीबाय म्हणाली. वयाने माझ्या आईएवढी.

गंगूच पुढे झाली.

"आजी, इथं इंग्रजीची जागा कुठं आहे?"

"कुठशी आलाव गो तुमी?"

"कल्याणहून. होडीनं."

"आनि चिखलात लोळून," ती ठकूकडे बघून म्हणाली. "काय बोललीस? कसली जागा?"

"इंग्रजीची."

"इंग्रजाची जागा ठान्याला. तिथं कचेरी हाय, तुरुंग हाय. हितं कुठला इंग्रज मरायला येतंय?"

"पण तांडेल म्हणाला, इथं इंग्रजीच्या जागेवर जुने दगड आहेत. कोरलेले."

रोजीबायने सूप खाली ठेवले आणि हसायलाच लागली. "इंग्रजी नाय गो पोरी! इगर्जी! इ-ग-र्जी! इगर्जी म्हंजे आमचे देवाचं घर. फिरंग्यांचे टायमाला बांधलेली. तुमी कल्यानवाले कानात काय कापूस घालून बसतंव?"

मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. मनूने तो शब्द हळूच म्हणून पाहिला. इगर्जी. मग इंग्रजी. मग पुन्हा इगर्जी. मला एकदम यांचा चेहरा आठवला. एवढ्या वर्षांत कल्याणातल्या एकाही माणसाला शंका आली नाही. इंग्रजांचे राज्य आले आणि त्या शब्दाला आपोआप अर्थ मिळाला, तेव्हा कोण कशाला विचारील?

गंगू पाटीवर लिहीत होती. "बाई, हे ऐकलेल्या बाजूला," ती म्हणाली. "आता पाहायला पाहिजे."

रोजीबाय आम्हाला घेऊन गेली. गावाबाहेर चिंचेच्या झाडाखाली एक भिंत उभी होती, बाकी सगळे ढिगारे. शेळ्या चरत होत्या. भिंतीत एक कमान होती आणि तिच्यातून वडाची मुळे खाली आली होती. एका कोपऱ्यात दगडी खांबाचे खोड जमिनीतून गुडघाभर वर आलेले दिसले. गंगू त्याच्यापाशी गेली आणि बसलीच. खोडाला आठ पैलू होते.

आम्ही निघण्याआधी मुलींनी कुंडीच्या तुटक्या बैठकीचे माप दोरीने घेतले होते आणि तिथे गाठ मारली होती. मनूने ती दोरी काढली. गंगूने खोडाभोवती फिरवली. दोरीचे टोक बरोबर गाठीवर आले. ठकू पोटावर पडून नक्षी बघत होती. "बाई, इथं वेलीचं पान अर्धंच आहे," ती म्हणाली. "खालचं अर्धं. वरचं आपल्या कुंडीवर आहे. मी रोज पाणी पिताना त्या पानावर बोट फिरवते."

मीही वाकून पाहिले. अर्धे पान होते. माझी पाठ दुखायची थांबली नव्हती, पण त्या क्षणी ती आहे हे मी विसरले होते.

"पाहिलेल्या बाजूला लिहा," मी म्हटले. माझाच आवाज मला मोठा वाटला.

"हाय काय ती अजून?" रोजीबायने विचारले. "फुटली नाय?"

"नाही. आमच्या शाळेत आहे."

रोजीबायने बोटांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग गंगूने पुढचा प्रश्न विचारला. तो विचारायलाच हवा होता, आणि तो विचारला नसता तर बरे, असेही मला पुढे कितीदा वाटले. "आजी, त्यात काय ठेवत होते?"

"पानी. नवं पोर जन्मलं का पाद्री त्यातलं पानी पोराच्या डोक्यावर घालायचा. नाव ठेवायचा. मंग पोर आमचे देवाचं झालं. आमचे आज्या-पनज्या सगल्या त्याच पान्यानं झाल्या. आता पोर घेऊन ठान्याला जावं लागतंय, उन्हातान्हाचं."

काशीकाकूंच्या हातातला तांब्या खाली पडला आणि दगडांवरून गडगडत गेला.

"म्हणजे बाटवायची कुंडी!" त्या म्हणाल्या.

"आम्ही रोज त्यातलंच पाणी पितो," ठकू म्हणाली. कोणी तिला सांगायला सांगितले नव्हते.

रोजीबायने एकदा ठकूकडे पाहिले, एकदा काकूंकडे, आणि ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. "मंग तुमी सगल्या आमच्याच झालाव का गो! ये, तुला रोजी नाव ठेवते!" तिने ठकूच्या डोक्यावर हात ठेवला. काकू ठकूला ओढून बाजूला झाल्या. तेव्हा रोजीबायचे हसू गेले.

"थट्टा केली बाय," ती म्हणाली. "पानी पिऊन कोन आमचा होत नाय. पाद्री लागतो, मंत्र लागतात. नायतर पावसात भिजलेला पन ख्रिस्ती होईल."

उन्हाने मुलींचे ओठ सुकले होते. रोजीबायने आपल्या विहिरीचे पाणी देऊ केले. काकूंनी नाही म्हटले, आणि मीही ओंजळ पुढे केली नाही. रोजीबायला त्याचे नवल वाटले नाही. तिने आपल्या मुलाला ताडावर चढवले आणि ताडगोळे काढून आणवले. "हे तरी चालंल ना? मी शिवले नाय, सोलले नाय. तुमचे तुमी फोडा." काकूंनी थोडा विचार केला आणि मान हलवली. आम्ही सावलीत बसून ताडगोळे खाल्ले. इतके गोड काही मी वर्षात खाल्ले नव्हते. रोजीबाय लांब बसून बघत होती.

निघताना ती माझ्यापाशी आली. "तू यांची मास्तरीन ना? ती कुंडी आमची हाय. पाठवाल काय?"

"विचारून सांगते," मी म्हटले. हे उत्तर नव्हते, हे तिलाही कळले.

भरती सांजेला येणार होती, आणि रात्री मुलींना घेऊन होडीतून परतणे शक्य नव्हते. रोजीबायच्या मुलाने धर्माला निरोप देऊन बैलगाडी जुंपून दिली आणि आम्ही ठाण्याला निघालो. रस्ताभर काकू गाडीच्या अगदी कडेला, आम्हाला न शिवता बसल्या होत्या, जणू त्या स्वतः ते पाणी कधी प्यायल्याच नव्हत्या. ठाण्याच्या मोठ्या तळ्याशी येताच त्यांनी गाडी थांबवली आणि लुगड्यासकट पाण्यात शिरल्या. डोके बुडवून वर आल्या. काठावर कपडे धुणाऱ्या बायका बघत राहिल्या. एकीने विचारले, "काय हो, सुतक?"

"तुमचं काय जातंय?" काकू म्हणाल्या आणि आणखी एक बुडी मारली.

मग मुलींनाही बुड्या मारायला लावल्या. मलाही. ओल्या लुगड्यांनी आम्ही स्टेशनावर गेलो. बायकांच्या डब्यात आम्हीच होतो. गाडी सुटली आणि खाडीवरचा पूल ओलांडून डोंगराकडे वळली. मला थंडी वाजत होती, आणि झोप, आणि भीती, तिन्ही एकदम.

काकूंनीच सुरुवात केली. "वहिनी, उद्या सकाळी मी दारोदार जाणार. आत बायका विचारतील, काय पाहिलंत कोलशेतला? काय सांगू?"

"मी काय सांगू काकू?"

"मी सांगते तुम्हाला. कुंडीला चीर गेली म्हणू. बाहेर काढून टाकू. मुलींनी घरून तांब्या आणायचा. कोणाला काही कळायचं नाही. शाळा राहील." त्या ओल्या पदराचे पाणी पिळत होत्या. "मी बोलले नाही तर कोणी बोलणार नाही. आणि मी बोलले तर परवा शाळेत पंतोजी आणि तुम्ही दोघंच बसाल."

हे खरे होते. गंगू पाटी मांडीवर घेऊन ऐकत होती.

"बाई," ती म्हणाली, "हे पाहिलेल्या बाजूला आहे. पुसू का?"

तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली. ठकू किंचाळली. मला वाटले, अंधारात गंगूने पाटी आपणहून पुसून टाकली तर किती बरे होईल. उजेड आला. पाटी तशीच होती आणि गंगू माझ्याचकडे बघत होती. तिचे सासरे तिला परीक्षेपर्यंत तरी शाळेत राहू देणार होते, तेवढेच. शाळा बुडाली तर सगळ्यांत जास्त तिचेच जाणार होते, आणि ते तिला ठाऊक होते.

"पुसू नकोस," मी म्हटले.

"वहिनी!" काकू म्हणाल्या.

"ती त्यांची आहे, काकू. त्यांनी मागितली आहे. नुसती चीर गेली म्हटलं तर ती त्यांना कशी पाठवायची?"

काकूंनी तोंड खिडकीकडे फिरवले.

घरी आले तेव्हा हे उशीला टेकून बसले होते. मी सगळे सांगितले. इगर्जी हा शब्द ऐकून यांना हसू आले आणि हसण्याने खोकला आला. खोकला थांबल्यावर हे म्हणाले, "वाचू दे त्यांना. पण मग शाळा..." वाक्य पुरे केले नाही. चुलीत विस्तव नव्हता, तो पेटवायचा होता.

पुढच्या तपासणीला डेप्युटीसाहेब आले. तोपर्यंत काकूंनी दारोदार काहीच सांगितले नव्हते आणि कुंडीही पुन्हा भरली नव्हती. गावातली मोठी माणसे येऊन बसली, त्यांत गंगूचे सासरेही होते. गंगूने उभे राहून वाचले. "आम्ही ऐकले", मग "आम्ही पाहिले". दोरी आणि अर्धे पान, सगळे होते. कुंडीत काय ठेवत हे तिने न अडखळता वाचले. मग सगळे एकदम बोलू लागले. कोणी पंचगव्य म्हणाले, कोणी मिशनऱ्यांचा डाव म्हणाले. साहेबांनी हात वर केला आणि विचारले, "मुलींना तिथं कोणी नेलं?"

हे उठू लागले. मी त्यांच्या आधी उभी राहिले. "मी," म्हटले.

मागून कोणी म्हणाले, "बाई, कळलं होतं तर गप्प बसायचं होतं."

"कुंडी त्यांची आहे," मी म्हटले. "त्यांनी मागितली आहे." मी खाली बसले.

कुंडी धर्माच्या होडीने गेली. डेप्युटीसाहेबांनीच तसे सांगितले, म्हणून कोणी अडवले नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत एकही मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हे रिकाम्या वर्गात बसून जुन्या पाट्या पुसत. मी दाराशी बसून राही. थकवा असा की हातपाय आपले नाहीत असे वाटे. प्रवासाचा नव्हे, तो केव्हाच उतरला होता. मुलींना विचारायला आपण शिकवतो आणि उत्तर कुठे नेईल ते आपल्या हातात नसते. हे मला कोणी आधी सांगितले असते, तरी मी त्या होडीत चढले असते का, याचा मी विचार करत असे. उत्तर रोज वेगळे येई.

मग एका सकाळी काशीकाकूंचा आवाज रस्त्यावरून आला. त्यांच्यामागे मनू, ठकू आणि आणखी काही जणी होत्या. प्रत्येकीच्या हातात आपापल्या घरचा तांब्या. काकू दारातूनच बोलू लागल्या. "एकेका दारात उभी राहून सांगितलं. म्हटलं, मी भरत होते ते पाणी, मी प्यायले ते पाणी. ठाण्याच्या तळ्यात बुड्या मारल्या, सुटले. तुमच्या पोरीला विहिरीवर नेऊन डोक्यावरून पाणी घाला आणि पाठवा. माझ्याहून सोवळ्या आहात का तुम्ही? म्हटलं मी. गप्प बसल्या." मग त्यांनी आवाज खाली केला. "सगळ्या नाही येणार. काही गेल्या त्या गेल्या."

सगळ्यांत शेवटी गंगू आली. माझा विश्वास बसेना.

"हिच्या सासऱ्यांचा निरोप आहे," काकू म्हणाल्या. "परीक्षेपर्यंत येऊ देतील. पण अट घातली आहे. वाचायचं, लिहायचं, हिशेब करायचे. कोणाला काही विचारायचं नाही. एक प्रश्न विचारल्याचं कळलं तर त्याच दिवशी बंद. तुम्ही कबूल करायला हवं, वहिनी."

मी गंगूकडे पाहिले. ती खाली बघत होती.

"कबूल," मी म्हटले.

मुली बसल्या. यांनी पेशव्यांचा धडा काढला आणि वाचायला सांगितला. मनूने वाचला, मग ठकूने, मग गंगूने, खाली मान घालून, कुठेही न थांबता. गंगूचे वाचून झाले. हे पुढे जाणार तेवढ्यात ती ठकूच्या कानाशी वाकली आणि काहीतरी पुटपुटली. ठकूने डोळे मोठे केले, एकदा गंगूकडे बघितले, आणि हात वर केला.

"बाई, मी एक विचारू?"